शेजारी देशांसाठी सामायिक दूरसंचार नियामक: अधिकार कोणाचा आणि सही कोणाची?

पणजीत कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: भारत आणि त्याचे काही शेजारी देश यांनी मिळून दूरसंचार बाजारासाठी एक सामायिक नियामक संस्था स्थापन करावी काय, केल्यास तिला कोणते अधिकार द्यावेत, आणि युरोपने असा प्रयत्न केला होता तो फसला असे वाचनात येते, ते खरे आहे काय? दूरसंचार नियमनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. माझे मत आधीच सांगतो. अशी संस्था जरूर स्थापन करावी. मात्र जे निर्णय एकट्या देशाला घेताच येत नाहीत तेवढेच तिच्याकडे सोपवावेत, आणि त्या मोजक्या निर्णयांना सहभागी देशांत आदेशाचे बळ द्यावे. सर्व विषयांवर केवळ शिफारस करू शकणाऱ्या मोठ्या संस्थेपेक्षा दोन-तीन विषयांवर बंधनकारक आदेश काढणारी लहान संस्था मला अधिक उपयोगाची वाटते.

हे पटण्यासाठी गोव्याच्या दोन सीमांकडे पाहावे. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा हे स्वतंत्र क्षेत्र नाही; मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सेवाक्षेत्र होते. त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला गेलेल्या माणसाला रोमिंग कधी लागले नाही, पण काणकोण तालुक्यातून पोळेचा नाका ओलांडून माजाळीत पाऊल टाकले की कर्नाटकाचे सेवाक्षेत्र सुरू होई आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. दोन्हीकडे सीमा राज्याचीच असली तरी बाजाराची सीमा एकाच ठिकाणी होती. हा भेद मिटला तो दोन्ही बाजूंवर अधिकार चालवणारा नियामक एकच होता म्हणून. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2015 मध्ये देशांतर्गत रोमिंगमधील येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला 75 पैशांवरून 45 पैशांवर आणली. त्याच वर्षी 3 जुलैपासून क्रमांक न बदलता देशभर कंपनी बदलण्याची सोय झाली, आणि पुढे स्पर्धेच्या रेट्यात रोमिंगचा वेगळा आकार जवळजवळ नाहीसाच झाला. माजाळीच्या टॉवरवर आणि काणकोणच्या ग्राहकावर एकाच आदेशाचा अंमल चालत होता, ही यातली मुख्य गोष्ट होय.

आता पोळेच्या जागी आंतरराष्ट्रीय सीमा आहे असे समजा. पलीकडच्या देशात गेलेल्या आपल्या ग्राहकाचा फोन तिथल्या कंपनीच्या जाळ्यावर चालतो. त्या वापराचा घाऊक दर ती कंपनी आपल्या कंपनीकडून वसूल करते, आणि आपली कंपनी त्यावर स्वतःचा नफा चढवून ग्राहकाला किरकोळ दराचे बिल देते. ग्राहक आपला असल्याने त्याची काळजी आपल्या नियामकाला असते, पण घाऊक दर लावणारी कंपनी त्याच्या हद्दीबाहेरची असते. पलीकडच्या नियामकाचा त्या कंपनीवर पूर्ण अधिकार चालतो. मात्र ज्याचा खिसा कापला जातो तो परदेशी पाहुणा असल्यामुळे दर उतरवण्यात त्या नियामकाला लाभ दिसत नाही, उलट आपल्या देशात येणारे परकीय उत्पन्न घटेल अशी भीती वाटते. एकाकडे कारण आहे आणि अधिकार नाही, दुसऱ्याकडे अधिकार आहे आणि कारण नाही. दोन्ही नियामक प्रामाणिक आणि कर्तबगार असले तरी ही कोंडी सुटत नाही.

आपला कायदा ही मर्यादा स्वच्छ दाखवतो. ट्रायच्या 1997 च्या अधिनियमातील कलम 11 च्या पोटकलम 2 नुसार भारतात आणि भारताबाहेर द्यावयाच्या सेवांचे दर, तसेच परदेशात संदेश पाठवण्याचे दर, प्राधिकरण राजपत्रात अधिसूचित करू शकते. शब्द व्यापक आहेत, पण ते बांधतात ते भारतीय परवानाधारकाला. काठमांडू किंवा थिंफू येथील कंपनीने घाऊक दर किती लावावा, हे त्या कलमाखाली ठरवता येत नाही. किरकोळ दरावर कडक मर्यादा घालून घाऊक दर मोकळा सोडला, तर आपली कंपनी तोटा सोसण्यापेक्षा त्या देशात रोमिंग देणेच बंद करील. म्हणून घाऊक आणि किरकोळ या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात घालणारी व्यवस्था हवी.

युरोपात नेमके हेच घडले. तेथील राष्ट्रीय नियामक 1997 पासून आपसात भेटत होते आणि 2002 मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, त्यांचा एक सल्लागार गटही स्थापन केला, तरी रोमिंगच्या दरांपुढे ते हतबल होते. आपल्या हाती पुरेशी साधने नाहीत हे त्यांनी स्वतःच मान्य केले. अखेर 2007 मध्ये युरोपीय संसद आणि मंत्रिपरिषद यांनी थेट कायदा करून, कर वगळता, केलेल्या कॉलला मिनिटाला 49 युरो-सेंट, आलेल्या कॉलला 24 सेंट आणि कंपन्यांमधील घाऊक व्यवहाराला 30 सेंट अशी कमाल मर्यादा घातली. दहा वर्षांनी, 15 जून 2017 पासून, घरच्याच दराने सर्व सदस्य देशांत फोन वापरण्याची मुभा मिळाली. कोणत्याही नियामक संस्थेला हे एकट्याने करता आले नसते. दराची मर्यादा कायद्यात लिहिली गेली आणि संस्थांकडे मोजमापाचे व देखरेखीचे काम आले.

याच काळात, नोव्हेंबर 2007 मध्ये, आयोगाच्या तत्कालीन दूरसंचार आयुक्त व्हिव्हियान रेडिंग यांनी संपूर्ण युरोपसाठी एक दूरसंचार बाजार प्राधिकरण असावे असा प्रस्ताव मांडला. त्याचबरोबर, राष्ट्रीय नियामकाने प्रबळ कंपनीवर कोणती बंधने घालावीत यावरही आयोगाला नकाराधिकार हवा होता. 2002 च्या युरोपीय दूरसंचार कायद्यांच्या चौकटीत बाजाराची व्याख्या आणि कोणती कंपनी प्रबळ मानावी या दोन बाबतींत आयोगाला असा अधिकार होताच, परंतु बंधने कोणती घालायची हे राष्ट्रीय नियामकाच्या हातात राहिले होते. सदस्य देशांनी आणि नियामकांनी या प्रस्तावाला विरोध केला. ब्रुसेल्समध्ये आणखी एक मोठे कार्यालय कशासाठी, हा आक्षेप होताच. पण खरी शंका वेगळी होती. प्राधिकरण सल्ला देणार आणि अंतिम शब्द आयोगाचा राहणार, म्हणजे संस्थेच्या नावाखाली आयोगाचेच बळ वाढणार असे त्यांना दिसत होते. शिवाय स्वतंत्र संस्थेला व्यापक विवेकाधिकार सोपवता येत नाहीत, हे तेथील न्यायालयाने मेरोनी प्रकरणात 1958 मध्येच सांगून ठेवले होते, त्यामुळे रचनेला कायदेशीर मर्यादाही होती.

वाटाघाटींनंतर 2009 मध्ये बेरेक नावाची जी संस्था आली तिची घडण अभ्यासण्याजोगी आहे. सर्व राष्ट्रीय नियामकांच्या प्रमुखांचे मंडळ म्हणजे बेरेक. मूळ कायद्यानुसार त्या मंडळाला स्वतःचे कायदेशीर व्यक्तिमत्त्वच नव्हते. ते होते लॅटव्हियातील रीगा येथे असलेल्या तिच्या साहाय्यक कार्यालयाला. निर्णयांसाठी साधारणतः दोन-तृतीयांश बहुमत ठेवले गेले. एखाद्या नियामकाच्या उपायाबद्दल आयोगाला गंभीर शंका आली तर बेरेकने मत द्यायचे, नियामकाने त्या मताचा शक्य तितका पुरेपूर विचार करायचा, पण शेवटची सही त्या नियामकाचीच राहायची. 2018 च्या नव्या युरोपीय दूरसंचार संहितेने यात एक पाऊल पुढे टाकले: ठरावीक प्रकारच्या बंधनांबाबत आयोग आणि बेरेक या दोघांचेही मत विरुद्ध पडले, तर राष्ट्रीय नियामकाला आपला मसुदा मागे घ्यावा लागू शकतो.

तेव्हा हा प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. प्राधिकरणाचा मूळ प्रस्ताव बारगळला हे खरे आहे, पण त्या वादातून एक महत्त्वाची समज तयार झाली. ज्या विषयात सीमेमुळेच बाजार बिघडतो त्या विषयात युरोपने अधिकार वर सोपवले, आणि ज्या विषयात प्रत्येक देशाची परिस्थिती निराळी आहे तेथे अधिकार खालीच ठेवून परस्परांच्या परीक्षणाची पद्धत घातली. दुसऱ्या कंपनीचा कॉल आपल्या जाळ्यावर उतरवून घेण्याचे जे टर्मिनेशन शुल्क असते, त्याची 1 जुलै 2021 पासून साऱ्या युरोपीय संघात एकच कमाल मर्यादा आहे. मोबाइलसाठी ती मिनिटाला 0.7 सेंटपासून उतरत 2024 मध्ये 0.2 सेंटवर आली. सत्तावीस देशांसाठी इतका तांत्रिक दर एकच ठरवता आला, कारण खर्च मोजण्याची समान पद्धत त्यापूर्वीच्या अनेक वर्षांत बसवली गेली होती. आकडेवारी गोळा करणे, ती एकाच साच्यात मांडणे आणि एकमेकांच्या हिशोबातल्या चुका उघडपणे दाखवणे हे बेरेकचे रोजचे काम आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते नीरस वाटेल, पण माझ्या मते तेच तिचे सर्वांत मोठे योगदान आहे.

लहान देशांचे उदाहरण हवे असेल तर पूर्व कॅरिबियनकडे पाहावे. डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स आणि नेव्हिस, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनडीन्स या पाच देशांनी मे 2000 मध्ये करार करून एक्टेल हे सामायिक प्राधिकरण उभारले. एकाच जुन्या परदेशी कंपनीची मक्तेदारी मोडायची होती आणि त्या कंपनीच्या वकिलांसमोर व लेखापालांसमोर टिकेल असा तज्ज्ञवर्ग एकट्या बेटाला परवडणारा नव्हता. पाच देशांनी एकसारखे कायदे केले, तज्ज्ञ सेंट लुशियात एकत्र बसवले, आणि परवाना देण्याचा अधिकार मात्र प्रत्येक देशाकडे ठेवला. मक्तेदारी मोडण्यात याचा उपयोग झाला. मात्र शिफारस एका ठिकाणाहून निघते आणि सही पाच ठिकाणी होते, त्यामुळे कायद्यातील एखादी सुधारणा पाच संसदांतून पुढे सरकेपर्यंत बाजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.

पूर्व आफ्रिकेने तर संस्थाच न उभारता काम सुरू केले. केनिया, युगांडा आणि रवांडा यांनी 2014 मध्ये एकात्मिक जाळ्याचा करार अमलात आणून आपसातील कॉलचा किरकोळ दर मिनिटाला 10 अमेरिकी सेंटवर मर्यादित केला आणि रोमिंगमध्ये आलेल्या कॉलचा आकार रद्द केला. त्यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो: परदेशातून येणाऱ्या कॉलवर सरकारे जो अधिभार घेत होती, तो या देशांच्या आपसातील कॉलवरून काढावा लागला. दर फक्त कंपन्यांमुळे चढलेला नसतो. त्यात तिजोरीचाही वाटा असतो, आणि कोणताही नियामक अर्थमंत्र्याला आदेश देऊ शकत नाही. सामायिक संस्थेच्या करारात करांबद्दल एक कलम नसेल, तर घाऊक दर उतरवून वाचलेला पैसा कराच्या रूपाने परत जाण्याची वाट मोकळी राहते.

माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा नमुना मात्र दूरसंचारातला नसून विजेचा आहे. आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड यांनी 1 नोव्हेंबर 2007 पासून विजेचा घाऊक बाजार एक केला. त्याच्या नियमनासाठी एक समिती आहे: तीत दोन्हीकडच्या नियामकांचे सदस्य बसतात आणि त्यांच्याखेरीज एक स्वतंत्र सदस्य असतो. या समितीला दोन्ही देशांच्या कायद्यांनी स्वतंत्रपणे जन्म दिला आहे. त्यामुळे समितीने त्या बाजाराबाबत घेतलेला निर्णय डब्लिनमध्ये तिथल्या कायद्याखाली तिथल्या नियामकाचा निर्णय ठरतो, आणि बेलफास्टमध्ये तिथल्या कायद्याखाली तिथल्या नियामकाचा. दोन सार्वभौम सत्तांच्या वर तिसरी सत्ता बसवावी लागली नाही, आणि शिफारशीवर पुन्हा स्वतंत्र निर्णय घेण्याचा विलंबही टळला. ज्या सीमेवर इतके रक्त सांडले तिथे ही व्यवस्था उभी राहू शकली, म्हणून आपल्याकडे असे काही शक्यच नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही.

सामायिक नियामक म्हणजे काय, याचा अनुभव गोव्याला घरचाच आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 83 मध्ये संयुक्त आयोगाची तरतूद आहे, आणि 2008 पासून गोवा हे राज्य गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त विद्युत नियामक आयोगाच्या कक्षेत आहे; गोव्याचे वीजदर तोच ठरवतो. त्याचे कार्यालय हरियाणातील गुरुग्राम येथे आहे. अंदमान, लक्षद्वीप, चंडीगड आणि गोवा यांची एकमेकांशी सीमा लागत नाही. लहान प्रदेशांना तज्ज्ञ आयोगाचा खर्च वाटून घेता यावा हाच हेतू आहे, आणि तो एक्टेलच्या हेतूशी जुळतो. या व्यवस्थेतून मी एक गोष्ट शिकलो. नियामक दूर बसला तरी चालते, पण त्याची सुनावणी दूर असून चालत नाही. सत्तरीतल्या बागायतदाराला किंवा वेर्ण्याच्या लघुउद्योजकाला दरवाढीवर आक्षेप घ्यायचा असेल, तर आयोगाने गोव्यात येऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि आदेशात त्या आक्षेपाचे उत्तर लिहिले पाहिजे. असे होते तेव्हा लोक न पटलेला आदेशही मानतात. दूरसंचारात हे अधिकच लागू पडते, कारण वीज समवर्ती सूचीत असल्याने तिथे राज्याला स्वतःचा आवाज आहे, तर दूरध्वनी आणि बिनतारी संदेशवहन संघसूचीच्या 31 व्या नोंदीत असल्याने कराराची बोलणी दिल्लीच करणार. सीमेवरच्या जिल्ह्यांना म्हणणे मांडायला सुनावणीशिवाय दुसरी जागा उरत नाही.

आता दक्षिण आशियाविषयी. येथील नियामकांची परिषद 1997 पासून अस्तित्वात आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, अफगाणिस्तान आणि इराण हे नऊ देश तिचे सदस्य आहेत. अभ्यासगट आणि विचारविनिमय यांसाठी ती चांगली जागा आहे. पण तिलाच अधिकार देऊन प्राधिकरण बनवावे ही सूचना मी योग्य मानत नाही. नऊ देशांतील काही जोड्यांमध्ये आज बोलणी होणेही कठीण आहे, आणि एका जोडीच्या वैमनस्यात बाकीच्या साऱ्यांचे काम अडकेल. मतदानाचा प्रश्नही सोपा नाही. प्रत्येकाला एक मत दिले तर भारत आपल्याविरुद्ध गेलेला आदेश मानणार नाही. ग्राहकसंख्येप्रमाणे मत दिले तर बाकीचे सारे मिळूनही भारतापुढे कमी पडतील आणि ते आत येणार नाहीत. म्हणून दोन देशांच्या जोडीपासून सुरुवात करावी, दोन्ही बाजूंना समान सदस्यसंख्या द्यावी, आणि स्वतंत्र सदस्य दोघांच्या संमतीने तिसऱ्या देशातून नेमावा. भारत आणि नेपाळ ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते, कारण 1950 च्या करारापासून त्या सीमेवर माणसांची ये-जा खुली आहे आणि रोजच्या व्यवहारासाठी ती ओलांडणाऱ्यांना ही अडचण रोजच भेडसावते.

या संयुक्त समितीकडे तीन विषय असावेत: घाऊक रोमिंगचा कमाल दर, एकमेकांच्या जाळ्यावर कॉल उतरवण्याचे शुल्क, आणि सीमेलगतच्या टॉवरांच्या लहरी पलीकडे किती जोराने जाव्यात याबद्दलचे तंटे. तिसऱ्या विषयाचे सर्वसाधारण नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत आहेत, पण प्रत्यक्षातला टॉवर कोणी वळवायचा हे ठरवायला जवळची संस्था लागते. घरी बसलेल्या माणसाचा फोन आपोआप परदेशी जाळ्याला जोडला जाऊन त्याला रोमिंगचे बिल येते, ते लहरींचा जोर आवरण्यातल्या हलगर्जीमुळे. परवाने, स्पेक्ट्रमचे लिलाव, देशांतर्गत किरकोळ दर आणि सुरक्षेसंबंधीचे सर्व अधिकार समितीबाहेर राहावेत. दूरसंचार अधिनियम 2023 ने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी सेवा थांबवण्याचे व संदेश अडवण्याचे अधिकार सरकारकडे ठेवले आहेत. त्यांना हात लावणारा कोणताही मसुदा गृहखात्याच्या टेबलावरून पुढे जाणार नाही, आणि तसा आग्रह धरून मूळ काम बुडवण्यात अर्थ नाही.

कायद्याच्या विद्यार्थिनीने अपिलाच्या कलमावर सर्वाधिक वेळ द्यावा अशी माझी विनंती आहे. ट्रायच्या आदेशावर अपील टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे जाते आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे. संयुक्त समितीच्या एकाच आदेशावर दिल्लीत स्थगिती मिळाली आणि काठमांडूत तो कायम झाला, तर एका बाजूची कंपनी जुना दर घेत राहील आणि दुसरीला नवा दर द्यावा लागेल. यावर मला सुचणारा उपाय असा की दोन्ही कायद्यांत एक समान तरतूद असावी: एका देशात स्थगिती मिळाल्यास दुसऱ्या देशातही आदेशाची अंमलबजावणी तेवढ्या काळापुरती आपोआप थांबेल, आणि दरम्यानच्या रकमा वेगळ्या खात्यात जमा राहतील. असे झाले की स्थगिती मिळवून एकतर्फी फायदा उपटण्याचा मोह उरत नाही.

पैशाबद्दल एवढेच सांगतो की खर्च दोन्ही देशांतील परवानाधारकांवरील ठरावीक आकारातून भागवावा. ट्राय आजही केंद्राच्या अनुदानावर चालते, आणि सामायिक संस्थेचे अनुदान रोखून धरणे हे कोणत्याही नाराज सरकारच्या हातातले सर्वांत सोपे शस्त्र ठरेल.

समितीचा पहिला आदेश दराचा नसावा. दोन्ही देशांतील कंपन्यांनी एकमेकींना प्रत्यक्षात कोणता घाऊक दर लावला, किती मिनिटे आणि किती डेटा त्या दराने गेला आणि त्यावर किती कर भरला, ही माहिती ठरावीक नमुन्यात दर तिमाहीला द्यावी, न दिल्यास दंड व्हावा, आणि व्यापारी गुपिते वगळून ती प्रसिद्ध व्हावी, असा तो असावा. आज हे आकडे कंपन्यांच्या आपसातील करारांत बंद आहेत. दोन नियामक एका टेबलावर बसून एकच तक्ता वाचू लागले की कोणता दर खर्चाला धरून आहे आणि कोणता नाही हे दोघांनाही सारखेच दिसते, आणि दराच्या दुसऱ्या आदेशावर सही करताना कोणाला आपण देशाचे काही गमावतो आहोत असे वाटत नाही.